दोन पानांचा ठसा

फार पूर्वी, नदीच्या एका वळणावर, एक बाजारगाव वसलेलं होतं. गाव तसं साधंच, पण त्याची एक रीत अशी होती की परगावचा माणूस ती पहिल्यांदा बघायचा तेव्हा तोंडात बोटच घालायचा. या गावात वेष्टन म्हणून कुणी कधी फेकत नसे. गूळ केळीच्या पानात बांधलेला, मिठाई पळसाच्या पुड्यात, फुटाणे कर्दळीच्या पानात. आतला माल काढून घेतला की पान जायचं वेशीजवळच्या दगडी गव्हाणीत. संध्याकाळी गुरं रानातून परतली की ती गव्हाण चाटूनपुसून साफ करायची.

आता सगळीच वेष्टनं काही गुरांच्या पोटात जाण्यासारखी नसतात. तेलाने माखलेली गोणपाटं असतात, डांबर लावलेल्या थैल्या असतात. म्हणून गावाने जुन्या काळीच एक खूण ठरवून ठेवली होती. जे वेष्टन गुरांनी खाल्लं तरी चालेल, त्याच्यावर गेरूने एक पान उमटवायचं. पान दिसलं की गव्हाणीत, नाही दिसलं की दुकानदाराला परत. बोबडं बोलणारं पोरसुद्धा पान बघून पुडा उचलायचं आणि गव्हाणीकडे धावत सुटायचं.

हा ठसा कोरायचं काम सगुणा नावाच्या ठसेवालीकडे होतं. तिच्या घरात ते आजीपणजीपासून चालत आलेलं. पण नुसतं कोरलं म्हणजे तिचं काम संपत नसे. दुकानदार नवं वेष्टन घेऊन आला की ती त्याचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकायची आणि मग चिमटीत धरून चुरगळायची. चुरगळला तर ठसा मिळायचा. नाही चुरगळला तर "घेऊन जा" म्हणायची, मग समोर कितीही मोठा माणूस का असेना.

एके दिवशी गावातला मिठाईवाला मनसारामशेट तिच्या ओसरीवर आला. हातात लाडवांचा पुडा होता आणि तो पुडा असा चमकत होता की सगुणा हातातली छिन्नी ठेवून बघतच राहिली.

"परमुलखातून मागवलंय," शेट खुशीत म्हणाला. "तलम कापड, राळेत बुडवलेलं. तूप झिरपत नाही, मुंगी शिरत नाही, लाडू पंधरवडाभर ताजा. बघा तर खरं हात लावून!"

सगुणाने तुकडा कापला, पाण्यात टाकला, उकळला, चुरगळला. तुकडा जसाच्या तसा. उलट बोटांना चिकटला तो सुटता सुटेना.

"शेट, याला पान मिळायचं नाही."

"अहो, मी कुठे ते पान मागतोय?" शेट हसला. "ते जुनं पान राहू द्या तुमच्या गव्हाणीला. मला वेगळं काढून द्या. एका देठावर दोन पानं, आणि टोकाला दवाचा थेंब. शोभेला हो! आणि त्यात खोटंही काही नाही. हा पुड्याचा दोरा बघा. अस्सल केळीच्या सोपटाचा, खोडाच्या सालीचा आहे. त्या दोऱ्यासाठी म्हणून पान, असं समजा."

इथेच सगुणाने त्याला वाटेला लावायला हवं होतं. पण माणसाचं मन कुठे घसरेल सांगता येत नाही. पैशाला ती भुलणारी नव्हती, धाकाला भिणारी तर नव्हतीच. ती घसरली आपल्याच हातांच्या हौसेवर. जन्मभर तेच एक पान कोरून कोरून तिचे हात कंटाळले होते. एका देठावरची दोन पानं, त्यांची एकमेकांवर पडणारी सावली आणि टोकाला लोंबणारा थेंब! हे कोरायला मिळणार म्हटल्यावर तिची बोटं आधीच शिवशिवू लागली.

आणि मनाला समजूत घालायला कितीसा वेळ लागतो? 'गावाला कळत नाही का? एक पान ते गव्हाणीचं. दोन पानं ती शोभेची. आपण कुणाला काही खोटं सांगितलेलं नाही.'

ठसा झाला. असा देखणा झाला की खुद्द सगुणाच त्याच्याकडे वळून वळून बघायची.

मनसारामशेटचे पुडे बाजारात आले आणि गाव त्या ठशावर लट्टू झालं. बायकांनी रांगोळीत दोन पानं काढली. सोनाराने दोन पानांची बाळी घडवली. पोळा आला तेव्हा लोकांनी बैलांच्या पाठीवरसुद्धा गेरूने तीच दोन पानं रंगवली. मिरवणुकीत सगुणा वेशीपाशी उभी होती. समोरून बैलामागून बैल चालले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर तिची कला. तिचा ऊर नुसता भरून आला.

पण त्या मिरवणुकीत तिने एक गोष्ट बघितली नाही. बघितली नाही म्हणजे काय, डोळ्यांसमोरून गेली आणि तिला दिसली नाही. लोक लाडवांचे अख्खे पुडे, वेष्टनासकट, बैलांच्या तोंडात घालत होते.

का नाही घालणार? त्यांचा हिशोब सरळ होता. एक पान म्हणजे गुरांना चालतं. मग दोन पानं म्हणजे गुरांना अधिकच चांगलं! उलट दोन पानांचे पुडे लोक गव्हाणीत टाकतच नव्हते. ते घरी नेऊन, जपून ठेवून, आपल्या लाडक्या जनावराला हाताने भरवत होते.

पोळा सरला आणि गावातली गुरं आजारी पडू लागली. पोटं फुगली. रवंथ बंद झालं. जनावरं मान टाकून नुसती उभी राहायची, चाऱ्याला तोंड लावायची नाहीत. आज या गोठ्यात, उद्या त्या गोठ्यात. गाव हवालदिल झालं.

गुरांचे वैद्य आले. माणूस जाणता होता, हात गुणी होता. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "खाल्लं काय होतं?"

"नेहमीचंच हो. चारा, पेंड, सणाची पुरणपोळी, आणि पुडे."

"कुठले पुडे?"

"दोन पानांचे."

"मग त्यांचं काही नाही," वैद्य म्हणाले आणि पुढे निघाले. "पाणी कुठलं पाजलंत ते सांगा."

झालं! गुरं ज्या तळ्यावर पाणी प्यायची, गावाचा सगळा संशय त्या तळ्यावर गेला. तळ्याभोवती काटेरी कुंपण घातलं. कुणी म्हणालं, यंदाच्या गवतातच काहीतरी आहे, आणि गवताच्या गंजी पेटवून दिल्या. कुणी म्हणालं, मिरवणुकीत नजर लागली, आणि घरोघर मिरच्या ओवाळल्या. शोधायचं तेवढं सगळं शोधलं, फक्त पुड्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याच्यावर पान होतं ना!

सगुणाच्या शेजारी येसूकाकू नावाची एक म्हातारी राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. तिचं सगळं घर म्हणजे शेंदऱ्या नावाचा एक बैल. त्याच्या जिवावर तिचा घाणा चालायचा, आणि त्याच्याशी बोलून तिचा दिवस जायचा. तो शेंदऱ्याही आजारी पडल्याचं कळलं, तशी एका सकाळी सगुणा त्याला बघायला गेली.

गोठ्याच्या दारातच तिचे पाय थबकले.

शेंदऱ्या आडवा पडला होता. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. पाठीवर गेरूची दोन पानं अजून ताजी. येसूकाकू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी चमकत्या वेष्टनांची चळत होती आणि गुळाच्या पाण्याचं भांडं होतं. काकू एकेक वेष्टन गुळाच्या पाण्यात बुडवत होती, बोटाने बैलाचा जबडा उघडत होती आणि ते आत सारत होती.

"ये गं सगुणे," काकू थकल्या आवाजात म्हणाली. "वैद्यबुवा म्हणाले, काहीतरी हलकं घाला पोटाला. मग म्हटलं याच्याहून हलकं काय असणार? कालपासून भरवतेय. शेटनी बिचाऱ्यांनी मागितल्याबरोबर नुसती वेष्टनं पाठवून दिली. घराघरात दिलीत म्हणे."

घराघरात! सगुणाच्या अंगाला दरदरून घाम फुटला. आजारी जनावरांना, औषध म्हणून, तेच!

"पाण्याचा भरवसा नाही राहिला बघ," काकू बोलतच होती. "चाऱ्याचाही नाही. पण तुझं पान दिसलं की मी डोळे मिटून भरवते. तुझ्या आजीच्या वेळेपासूनचा शब्द आहे तो."

सगुणाच्या मनात त्या क्षणी काय काय येऊन गेलं! ती गप्प बसली असती तर कुणालाही कधी काही कळलं नसतं. दोष तळ्यावर गेलाच होता. आणि बोलली तर? तिच्या घरातलं पिढ्यांचं नाव जाणार होतं, ते एक वेळ जाऊ दे. पण लोक जुन्या, खऱ्या पानावरही थुंकतील, त्याचं काय? गप्प बसायला तिच्याजवळ चांगली भक्कम कारणं होती. भक्कम कारणं नेमकी अशाच वेळी सापडतात.

तेवढ्यात काकूने आणखी एक वेष्टन गुळाच्या पाण्यात बुडवलं.

"काकू, नको!" सगुणाने झडप घालून ते हिसकावलं. "हे खाण्याचं नाही. यानेच होतंय हे सगळं."

"काय बोलतेस? पान आहे त्याच्यावर."

"ते पान याचं नाही, काकू. ते दोऱ्याचं आहे."

"कुठल्या दोऱ्याचं?"

सगुणाने सांगितलं. शेट कसा आला, काय म्हणाला, तुकडा पाण्यात कसा चुरगळला नाही आणि तरीही आपण ठसा कसा कोरून दिला, ते सगळं सांगितलं. काकू ऐकत राहिली. ती रागावली नाही, रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं, लहान मुलाला कुणी उगाच थप्पड मारली की त्याच्या चेहऱ्यावर येतं तसं. तिने आपल्या ओल्या बोटांकडे पाहिलं. याच बोटांनी तिने ते भरवलं होतं.

"तुला ठाऊक होतं?" तिने एवढंच विचारलं.

सगुणा तिथून धावत सुटली. घरोघर जाऊन ती गोठ्यात शिरली, लोकांच्या हातातली वेष्टनं ओढून घेतली आणि जो भेटेल त्याला तेच सांगत गेली. वैद्यांना तिने रस्त्यातच गाठलं. ऐकून ते मटकन कट्ट्यावर बसले. "मी विचारलं होतं," ते म्हणाले. "मी विचारलं होतं आणि पुढे गेलो." मग ते उठले आणि त्यांनी घरोघर जवसाचं तेल पाजायला लावलं. ज्यांच्या पोटात कमी गेलं होतं ती जनावरं हळूहळू मोकळी झाली, काही दिवसांनी रवंथ करू लागली.

शेंदऱ्याला मात्र उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वैद्यांनी त्याचं पोट उघडलं तेव्हा आतून चमकत्या कापडाचा पीळच्या पीळ निघाला. कापड जसंच्या तसं होतं. त्यावरची दोन पानंसुद्धा कुठे कुठे दिसत होती, थेंबासकट. सगळं गाव ते बघायला जमलं होतं.

चावडीवर मनसारामशेटला बोलावलं. लोक इतके खवळले होते की त्याला धरून हाणतात की काय असं वाटत होतं. पण शेट शांत होता. त्याने एक पुडा सर्वांसमोर ठेवला, दोरा सोडला, तो उंच धरला.

"केळीचा आहे की नाही? चावून बघा. मी कधी म्हणालो की कापड गुरांना घाला? एकाने तरी सांगावं माझ्या तोंडून ऐकलंय म्हणून. लोकांनी वेष्टनं मागितली, मी दिली. नाही म्हटलं असतं तर तुम्हीच मला कंजूष म्हणाला असता."

लोक एकमेकांकडे बघू लागले. धक्का बसला तो इथे! कारण तो खोटं बोलत नव्हता. दोरा केळीचाच होता. त्याने कुणाला काहीही सांगितलं नव्हतं. एक शब्दही खोटा नाही आणि तरी गावाच्या गोठ्यात मढं पडलेलं. सगुणालाही तेच वाटलं, कारण तिने स्वतःची समजूत हुबेहूब याच शब्दांत घातली होती.

पंच म्हणाले, "ठसे बंद. आजपासून कुठलंच पान नको."

"मग वेष्टनं कुठे टाकायची?" कुणीतरी विचारलं.

सगुणा उभी राहिली. "मला एकदा शेवटचं कोरू द्या. या वेळी मी एकटी ठरवणार नाही."

तिने दोन पानांचा ठसा चावडीसमोरच्या शेकोटीत टाकला. मग नवी खूण काढायला बसली. पान तर आता नकोच होतं. पान काय, कुणीही कशावरही शोभेला काढतं. तिने गाईचं छान डोकं काढलं, मोठे डोळे, कपाळावर टिळा. ते घेऊन ती पाणवठ्यावर गेली आणि बायकांना विचारलं, "हे पुड्यावर दिसलं तर काय कराल?"

एक म्हणाली, "आत दुधाचं काहीतरी असणार." दुसरी म्हणाली, "पूजेचा पुडा दिसतो, पायाखाली येऊ द्यायचा नाही." तिसरीने तर ठशालाच नमस्कार केला.

पूर्वीची सगुणा असती तर चिडली असती. आता ती परत आली आणि तिने टिळा पुसला, डोळे लहान केले, जीभ बाहेर काढली आणि त्या जिभेत वेष्टनाचं टोक दाखवलं. चित्र अगदीच बेंगरूळ झालं. पण पाणवठ्यावर दाखवल्याबरोबर सगळ्या एकसुरात म्हणाल्या, "गुरांना घाला." दुसरा ठसा तिने दुकानाकडे उलट निघालेल्या टोपलीचा केला. ती बघून सगळ्या म्हणाल्या, "दुकानदाराला परत."

गावानेही मग नियम केला. खूण असेल ती अख्ख्या पुड्याची, दोऱ्यासकट, आतल्या अस्तरासकट. एक धागा जरी खाण्याजोगा नसला तरी टोपलीच. शोभेसाठी यातलं काही कुणी काढायचं नाही. आणि ज्याचा पुडा, त्याने भर बाजारात आधी आपल्या स्वतःच्या गाईला तो खाऊ घालायचा, मगच ठसा मिळेल. या शेवटच्या नियमाला मनसारामशेटने हरकत घेतली. त्याची गाय चांगली दुभती होती. लोक त्याच्याकडे बघत राहिले, तसा तोही समजला आणि गुपचूप पळसाच्या पुड्यांवर परत आला.

बाजार पुन्हा भरू लागला. नवे ठसे चालू लागले. लोक हळूहळू पुडे गव्हाणीत टाकू लागले. पंचांनी येसूकाकूला एक कालवड दिली. गावाला वाटलं, झालं गेलं मागे पडलं.

एका बाजारच्या दिवशी येसूकाकू सगुणाच्या दारात आली. त्या दिवसापासून ती या उंबऱ्यावर आली नव्हती. सगुणाचा जीव सुपाएवढा झाला. तिने लगबगीने पाट मांडला. काकू बसली नाही. तिने पदराखालून गुळाचा रिकामा पुडा काढला. त्याच्यावर सगुणाचा तो बेंगरूळ ठसा होता.

"खूण चांगली काढलीस," काकू म्हणाली. "मला नीट दिसत नाही आताशा, तरी कळली. गुरांना घालायचं, असंच ना?"

"होय काकू. निर्धास्त घाला."

काकूने मान हलवली आणि पुडा सगुणाच्या हातात ठेवला.

"आधी तुझ्या गाईला घाल."

सगुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ठसा तिने तिच्या हाताने कोरला होता, त्या पानाचा तुकडा तिने स्वतः चुरगळून पाहिला होता, गूळवाल्याने भर बाजारात आपल्या गाईला ते भरवलं होतं. आणखी काय करायचं माणसाने? असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तिने ते गिळलं. ती मुकाट्याने गोठ्यात गेली, अर्धा पुडा फाडला आणि आपल्या गाईपुढे धरला.

गाईने तो खाल्ला. काकू दाराशी काठी टेकून उभी राहिली. गाय निवांत बसून रवंथ करू लागेपर्यंत ती हलली नाही. मग उरलेला अर्धा पुडा तिने मागून घेतला आणि आपल्या कालवडीकडे निघाली.

पुढच्या बाजारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. सगुणा दर वेळी न बोलता उठायची आणि आधी आपल्या गाईला घालायची. काकू जगली तोवर हे असंच चालू राहिलं. एकदाही तिने, "राहू दे आज, तुझ्यावर विश्वास आहे," असं म्हटलं नाही.

तात्पर्य काय, तर खूण करणाऱ्याने आपण काय लिहिलं एवढंच बघून भागत नाही, वाचणारा ती बघून काय करेल हे बघावं लागतं. तुकड्यापुरती खरी असलेली खूण अख्ख्या वस्तूवर मारली तर ती उघड खोट्याहून घातक, कारण तिच्याकडे संशयाने कुणी बघतच नाही. आणि खूण नव्याने कोरता येते, विश्वास कोरता येत नाही.